शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा कोणती लिहू?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही सांगलीहून न्यू जर्सीला आलो. लेक सहा वर्षांची आहे. तिची बालवाडी मराठीत झाली, आता सप्टेंबरपासून इथल्या सरकारी शाळेत पहिलीत जाईल.

शाळेने प्रवेशाच्या कागदांबरोबर एक प्रश्नावली दिली आहे. मूल सर्वांत आधी कोणती भाषा बोलायला लागलं? घरातली मोठी माणसं मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात? मूल घरी जास्त करून कोणती भाषा बोलतं? तिन्हींचं खरं उत्तर मराठी. पण नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं-तिघं बजावून सांगतात, "मराठी लिहू नका, इंग्लिश लिहा. नाहीतर पोरीला ईएसएलमध्ये टाकतील आणि तो शिक्का पाचवीपर्यंत निघायचा नाही." (ईएसएल म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याची सोय.)

लेकीला एबीसीडी येते, रंग, प्राणी, आकडे आणि चार बडबडगीतं येतात. इंग्रजीत वाक्य बोलता येत नाही. तीन रात्री झाल्या, मी तो फॉर्म काढते आणि परत फाइलमध्ये ठेवते. सोमवारी द्यायचा आहे. तुमच्या मुलांचं तुम्ही काय केलंत, ते सांगा.

बटाटेवडा
इंग्लिश लिहा आणि मोकळ्या व्हा. आम्ही दोन्ही मुलांचं तेच केलं. सहा महिन्यांत पोरं फाडफाड बोलायला लागली. या वयात मुलं टीपकागद असतात.

निळी_छत्री
खोटं लिहू नका एवढंच म्हणेन. बाकी जाणकार सांगतीलच. (फळा_आणि_खडू, कुठे आहेस गं?)

फळा_आणि_खडू
आले. सांजवेळ, मी न्यू जर्सीतच सरकारी शाळेत ईएसएल शिकवते, हे चौदावं वर्ष. माझ्याकडे यंदा स्पॅनिश, गुजराती, अरबी, तेलुगू, मँडरिन आणि हैतीची क्रेओल बोलणारी मुलं आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

फॉर्मवर मराठी लिहिलं म्हणून कोणी मुलाला उचलून ईएसएलमध्ये नेत नाही. मराठी लिहिलं की शाळा मुलाची छोटी चाचणी घेते : ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. पहिलीच्या मुलांना बरीच उत्तरं चित्रावर बोट ठेवूनही देता येतात. त्यात मूल तयार दिसलं तर विषय तिथेच संपला. नाही दिसलं तर मदत सुरू होते, आणि शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालकांना ते कळवावं लागतं, पालकांना समजेल अशा भाषेत. दुभाषा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मुलांनाच दुभाषा करायचं नसतं, हेही शाळेला माहीत असतं. त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही मागा.

'इंग्लिश' लिहिलंत तर ही चाचणीच होत नाही. मग मूल वर्गात गप्प बसतं. बाईंना वाटतं लाजाळू आहे, किंवा ऐकू कमी येतं, किंवा शिकायलाच जड जातंय. माझ्याकडे एकदा एक मुलगा दुसरीच्या मध्यावर आला. घरी तेलुगू, फॉर्मवर इंग्लिश. दीड वर्ष तो वर्गाच्या मागे पाहून पाहून सगळं करत होता. इतर मुलं पुस्तक उघडतात म्हणून हा उघडायचा, ती उभी राहतात म्हणून उभा राहायचा. कोणाला कळलं नाही की त्याला सूचनाच समजत नाहीत. इतका हुशार होता की लपवता आलं त्याला. ते दीड वर्ष मला आजही टोचतं.

आणि ईएसएल ही शाळेची मेहेरबानी नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लाऊ विरुद्ध निकल्स हा निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी दावा लावला होता. सुमारे १,८०० चिनी मुलं इंग्रजी न समजता वर्गात बसत होती आणि त्यांना वेगळी काहीच मदत नव्हती. न्यायालय एकमताने म्हणालं की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यापर्यंत शिक्षण पोचलेलंच नाही. आपल्या लेकरांना आज ईएसएलची जी चाळीस मिनिटं मिळतात त्यामागे ती मुलं आहेत.

कडीपत्ता
फळा_आणि_खडू यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळा अनुभव सांगते. आम्ही कॅलिफोर्नियात. फॉर्मवर खरं लिहिलं, मुलाला ईएसएल मिळालं. रोज गणिताच्या तासाला त्याला बाहेर काढून वेगळ्या खोलीत नेत. तिथे पाच मुलं, पाच वयांची, आणि तेच ते चित्रांचे पत्ते. हा गणितात पुढे होता, तोच तास बुडायला लागला. घरी येऊन म्हणायचा, "आई, मी ढ आहे का? ढ मुलांनाच नेतात त्या खोलीत."

मी लेखी नकार दिला. रोज संध्याकाळी वाचनालयात नेलं, रात्री मोठ्याने वाचून घेतलं. पुढच्या वर्षी तो इंग्रजीच्या वार्षिक परीक्षेत पास होऊन ईएसएलच्या यादीतून सुटला. म्हणून मी म्हणते, फॉर्मवर खरं लिहा, पण मिळेल ते मुकाट्याने घेऊ नका.

फळा_आणि_खडू
कडीपत्ता, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते वाचून वाईट वाटलं. मुख्य विषयाचा तास बुडवून मुलाला बाहेर नेणं ही चूकच. आमच्याकडे मी वर्गातच जाते. वर्गशिक्षिका विज्ञान शिकवत असते आणि मी त्याच टेबलाशी चार मुलांबरोबर तोच धडा भाषेच्या अंगाने उलगडते. जलचक्र चालू असेल तर किटली, ताटली आणि बर्फ घेऊन बसायचं. आधी वाफ दाखवायची, मग शब्द द्यायचा, मग अर्धं वाक्य द्यायचं : "आय थिंक द वॉटर विल... बिकॉज..." ते 'बिकॉज' महत्त्वाचं. एकेक सुटा शब्द पाठ करून मूल वर्गाच्या चर्चेत उतरू शकत नाही, त्याला वाक्याचा सांगाडा हातात लागतो.

पालकांनी नकार दिला तरी दर वर्षीची परीक्षा चुकत नाही, हे मात्र नकार देताना सगळ्यांना माहीत असावं.

सांजवेळ, शाळेला तीन गोष्टी विचारा. मदत वर्गात देता की वर्गाबाहेर? बाहेर असेल तर कोणत्या तासाला? त्या गटात कोणत्या इयत्तेची मुलं असतात?

बटाटेवडा
माझी मुलं तर कुठेच अडली नाहीत. मदत न घेता सहा महिन्यांत बोलली. मग एवढा खटाटोप कशाला?

फळा_आणि_खडू
बोलली असतीलच, बहुतेक मुलं बोलतात. पण मैदानावरची इंग्रजी आणि धड्याची इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोरांटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच हा फरक मांडला. समोरासमोर बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातून शिकण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. बोलताना हातवारे असतात, चेहरा असतो, समोर चेंडू असतो. धड्यात नुसती अक्षरं.

एक उदाहरण देते. दुसरीतलं गणित : "सॅम हॅड ट्वेल्व्ह ॲपल्स. ही गेव्ह फाइव्ह टू मिया. हाऊ मेनी आर लेफ्ट?" माझ्या एका विद्यार्थिनीने डावीकडची सफरचंदं मोजली. तिला 'लेफ्ट' म्हणजे डावा एवढंच माहीत होतं. वजाबाकी तिला तीन अंकी येत होती! विज्ञानात 'टेबल' आला की मुलं चार पायांचं टेबल शोधतात, तिथे कोष्टक हवं असतं. सहा महिन्यांत फाडफाड बोलणारं मूल तिसरी-चौथीत 'एकदम मागे पडलं' असं पालक सांगतात ना, तेव्हा ते मागे पडलेलं नसतं. पुस्तकं पुढे गेलेली असतात.

आमच्याकडच्या दर वर्षीच्या इंग्रजीच्या परीक्षेत म्हणूनच वाचन-लेखनाला ३५-३५ टक्के वजन आहे आणि ऐकण्या-बोलण्याला १५-१५. 'एवढं छान बोलतो तरी ईएसएल का सुटत नाही' याचं उत्तर तिथे आहे.

चिंचगूळ
आमचं दुखणं वेगळंच. मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात चौथीपर्यंत शिकलेला. इथे चाचणी घेतली आणि ईएसएल! मी पार चिडलो होतो. मुख्याध्यापकांना म्हटलं, अहो हा इंग्रजीतूनच शिकलाय. त्या म्हणाल्या, वाचतो छान, पण शिक्षक बोलतात ते त्याला झेपत नाही. पहिल्या आठवड्यात घरी येऊन तोच म्हणाला, "बाबा, सगळे जण एकच लांब शब्द बोलतात." वॉटरचं वॉडर झालं, झेडचं झी झालं. त्याने वर्गात फूलस्टॉप म्हटलं तर बाई विचारात पडल्या. इथे त्याला पिरियड म्हणतात.

केवडा
आणि रबर! माझ्या लेकीने भर वर्गात शेजारच्या मुलाकडे रबर मागितलं. इथे इरेझर म्हणतात आणि रबर म्हणजे निरोध, हे आम्ही सांगायलाच विसरलो होतो. वरच्या वर्गातली मुलं आठवडाभर हसत होती आणि हिला कारण कळेना. भारतातून येणाऱ्यांनो, विमानातच सांगून ठेवा.

तिखटमीठ
आमच्याकडे मान! बाईंनी विचारलं समजलं का, आमच्या चिरंजीवांनी आपली अस्सल मराठी मान डोलावली. बाईंना वाटलं नाही म्हणतोय. त्यांनी परत समजावलं, याने परत डोलावली. असं चार वेळा. शेवटी त्यांनी ईमेल केला की मूल प्रामाणिक आहे, पण त्याला काहीच समजत नाही.

चिंचगूळ
तिखटमीठ, हे वाचून मुलगा आत्ता लोळतोय हसून. त्याचंही तेच झालं होतं.

मूळ मुद्द्यावर : त्याला वर्षभरच ईएसएल होतं. त्या बाईंनी ऐकण्याची भीती घालवली. आता वाटतं, उगाच मानापमान करून घेतला.

रानवारा
मी स्वतः ईएसएलचा मुलगा. २००६ मध्ये अकराव्या वर्षी टेक्सासला आलो. सहसा फक्त वाचतो, पण हा धागा पाहून राहवलं नाही.

पहिले चार महिने मी शाळेत एक शब्द बोललो नाही. समजत होतं हळूहळू, पण तोंडातून निघत नव्हतं. एक शिक्षक मला समजावं म्हणून मोठ्याने बोलायचे. मला ऐकू येत होतं. ईएसएलच्या बाई मात्र कधी "बोल" म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला वर्गातल्या माशांना खाणं घालायचं काम दिलं आणि रोज माझ्याशेजारी उभं राहून त्या माशांशी बोलायच्या. पाचव्या महिन्यात मी माशांना इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणालो. त्या बाईंनी वळूनही पाहिलं नाही, जणू मी रोजच बोलतो. मला ते आयुष्यभर पुरेल.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते म्हणून लिहितोय. कोणीतरी शाळेतून आईबाबांना सांगितलं की मुलाची प्रगती हवी तर घरीही इंग्रजीच बोला. त्यांनी मनावर घेतलं. बाबांची इंग्रजी कामापुरती होती, आईची त्याहून कमी. घरात बोलणंच कमी झालं. आधी जेवताना बाबा त्यांच्या गावच्या विहिरीच्या, बैलांच्या, भांडणांच्या गोष्टी सांगायचे, त्या थांबल्या, कारण त्या इंग्रजीत सांगता येईनात त्यांना. जेवताना "पास द सॉल्ट" एवढं उरलं. तीन-चार वर्षांत माझी मराठी इतकी आटली की आजीशी फोनवर "जेवलीस का, बरी आहेस का" याच्या पुढे बोलणं जाईना. ती काहीतरी लांबलचक सांगायची आणि मी हो हो करायचो. बाराखडी मी चोविसाव्या वर्षी परत शिकलो. हा प्रतिसाद मराठीत टाइप करायला पाऊण तास लागलाय.

सांजवेळताई, फॉर्मवर काहीही लिहा. घरी मराठी सोडू नका.

केवडा
रानवारा, एकही चूक नाही तुझ्या लिहिण्यात. लिहीत जा रे.

निळी_छत्री
+१. डोळे भरून आले.

फळा_आणि_खडू
रानवारा, तुझ्या आईबाबांना तो सल्ला ज्याने दिला त्याच्या वतीने या पेशातली एक म्हणून मी माफी मागते. तो सल्ला चूक होता. मुलाला वाचायचं कसं, गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा कसा, कारण कसं सांगायचं, हे एकदा एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागत नाही, फक्त नवे शब्द लागतात. कमिन्स यांचंच हेही म्हणणं आहे आणि माझा रोजचा अनुभव तोच आहे. ज्या मुलांना घरच्या भाषेत भरपूर गोष्टी ऐकायला मिळालेल्या असतात ती माझ्या वर्गात भराभर पुढे जातात. मोडक्या इंग्रजीपेक्षा भरघोस मराठी कधीही चांगली.

आणि ते चार महिन्यांचं मौन अगदी नेहमीचं आहे. कुणाचं काही आठवड्यांचं, कुणाचं सहा महिन्यांचं. मूल आत साठवत असतं. त्या काळात मी "उभे राहा, दाराला हात लावा, लाल पेन्सिल उचला" असले खेळ घेते. बोलावं लागत नाही, पण समजलं हे दिसतं.

पाटीपेन्सिल
नमस्कार. मी किनवट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. अमेरिकेचं मला काही ठाऊक नाही, पण हा धागा माझ्याच वर्गाचा वाटला म्हणून लिहितो.

माझ्याकडे एका वर्गात गोंडी, कोलामी आणि गोरमाटी बोलणारी लेकरं आहेत, थोडी मराठी घरातली. म्हणजे माझ्या पोरांना मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. गंमत अशी की घरच्या भाषेची प्रश्नावली आमच्या दाखल्याच्या अर्जात नव्हती. मी नोकरीला लागलो तेव्हा सहा महिने मला वाटायचं की पोरं मठ्ठ आहेत. एक दिवस एक मुलगी पडली आणि "याडी, याडी" म्हणून रडायला लागली. याडी म्हणजे आई, हे मला दुसऱ्या पोराने सांगितलं. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. आई शब्द ज्यांच्या तोंडात नाही त्यांना मी 'आ आईचा' शिकवत होतो.

मग मी भिंतीवर तक्ते केले. चित्र मधोमध, भोवती चार-पाच भाषांतले शब्द. पाण्याच्या चित्राखाली मराठी पाणी, गोंडी एर, इंग्रजी वॉटर. शब्द पोरांनीच सांगायचे, मी फक्त लिहिणार. इंग्रजीच्या तासाला आधी विचारायचं, तुमच्यात याला काय म्हणता? मग इंग्रजी शब्द. पोरांना इंग्रजीची भीती मराठीपेक्षा कमी वाटते, हे मला नवल वाटलं. नंतर उमगलं. मराठी घरातल्या पोरांना मराठी आधीच येते, तिथे ही मागे असतात. इंग्रजीत सगळेच एका रेषेवर उभे!

संविधानात ३५०-क हे कलम आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोय करावी, असं ते सांगतं. माझ्या शाळेत ती सोय म्हणजे त्या भिंतीवरचे तक्ते.

फळा_आणि_खडू
पाटीपेन्सिल सर, दंडवत. 'इंग्रजीत सगळेच एका रेषेवर' हे वाक्य मी उद्या शिक्षकांच्या बैठकीत सांगणार आहे, तुमची परवानगी धरून. आणि तक्त्यांचे फोटो असतील तर कृपया टाका.

गिरगावकर
पाटीपेन्सिल, मनातलं बोललात. मी मुंबई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. आमच्या एका इमारतीत तळमजल्यावर मराठी, पहिल्यावर उर्दू, दुसऱ्यावर तमिळ. मधल्या सुट्टीत सगळी पोरं एकच मुंबईची हिंदी बोलायची.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आम्हा मराठी माध्यमाच्या शिक्षिकांची झोप उडाली होती. माझी स्वतःची इंग्रजी पाचवीपासूनची. मी वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना गाठलं. दोघींनी मिळून वर्ग एकत्र घ्यायला सुरुवात केली, आठवड्यातून एक तास, व्हरांड्यात. तिच्या पोरांना मराठी येईना, माझ्यांना तमिळ. मग बोलायचं तर इंग्रजीतच! "गिव्ह मी द बॉल", "कम हिअर", "माय टर्न". खरी गरज पडली की भाषा कशी उगवते, ते मी त्या व्हरांड्यात पाहिलं. पुस्तकातल्या कवितेने जे वर्षात झालं नाही ते लगोरीने दोन महिन्यांत केलं.

बटाटेवडा
लगोरीने इंग्रजी! गिरगावकरबाई, हे आवडलं.

थेम्सकाठ
मी १९७८ पासून पश्चिम लंडनमध्ये शिकवलं, आता निवृत्त आहे. वेगळी खोली की वर्गातच मदत, या वादावर इंग्लंडचा इतिहास सांगतो, कारण तो कडू आहे आणि नव्या पालकांना माहीत असायला हवा.

१९६५ च्या सरकारी परिपत्रकात असं सुचवलं होतं की एका शाळेत बाहेरून आलेल्या मुलांचं प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नये. त्यातून पश्चिम लंडनमधल्या साउथॉलच्या पंजाबी मुलांना रोज सकाळी बसमध्ये भरून लांबच्या शाळांत पाठवलं जायचं. कारण सांगितलं जायचं इंग्रजीचं, पण उत्तम इंग्रजी बोलणारी मुलंही त्या बसमध्ये असायची. मी नोकरीला लागलो तेव्हा ती मुलं मोठी झाली होती. त्यांच्यातले काही जण पुढे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक म्हणून भेटले. शाळेपर्यंतच्या त्या बसबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

मी स्वतः काही वर्षं वेगळ्या भाषाकेंद्रात शिकवलं. लहान वर्ग, प्रेमळ वातावरण, मला फार आवडायचं. मला मनापासून वाटायचं की आम्ही मुलांचं भलं करतोय. मग अल्पसंख्याक समाजांतल्या मुलांच्या शिक्षणावरचा १९८५ चा स्वान अहवाल आला, १९८६ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या काल्डरडेलच्या केंद्रांची चौकशी झाली आणि अशी वेगळी केंद्रं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरला. मला आधी राग आला. नंतर मुख्य शाळेत बदली झाली आणि दिसलं की माझी केंद्रातली मुलं दोन वर्षं इंग्रजी ऐकत होती ती फक्त माझ्याकडून. इंग्रजी बोलणारं एकही समवयस्क मूल त्यांना भेटत नव्हतं.

म्हणून कडीपत्ता यांचा राग मला समजतो. तिथे चूक ईएसएलची नव्हती, त्या खोलीची होती.

कडीपत्ता
थेम्सकाठ, धन्यवाद. 'त्या खोलीची' हे अगदी पटलं. मुलाला वर्गातच मदत मिळाली असती तर मी नकार दिलाच नसता.

मेपलपान
टोरांटोहून थोडक्यात भर. आमच्याकडे दोन वेगळे मार्ग आहेत. ज्यांचं शिक्षण नीट झालंय, फक्त इंग्रजी नवीन आहे, त्यांना ईएसएल. ज्यांची शाळाच युद्धामुळे किंवा स्थलांतरामुळे बुडाली त्यांना ईएलडी, म्हणजे अक्षरओळख आणि विषय दोन्ही. मी स्वयंसेवक म्हणून सीरियाहून आलेल्या मुलांबरोबर काम केलं. बारा वर्षांचा मुलगा आणि शाळेत गेलेलं वर्ष एकच. पेन्सिल धरताना हात थरथरायचा, पण आकड्यांचा हिशोब तोंडी करायचा, कारण तो दुकानात काम करून आला होता. त्याला पहिलीची चित्रांची पुस्तकं दिली तर तो अपमानाने लाल व्हायचा. मग आम्ही बसचं वेळापत्रक आणि दुकानांच्या जाहिराती वाचायला घेतल्या.

सांजवेळ, तुमची लेक मराठी गोष्टी ऐकत वाढलीय. तुमचा पाया पक्का आहे.

सांजवेळ
सगळ्यांचे आभार. रविवारची रात्र आहे आणि फॉर्म भरून झालाय. तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. नवऱ्याने रानवारा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाला, दे पेन. फळाताईंचे तीन प्रश्नही कागदावर उतरवून घेतलेत, उद्या विचारणार आहे.

बटाटेवडा
छान केलंत. माझं मत अजून बदललेलं नाही, पण धाकटी तिसरीत आहे आणि ते 'लेफ्ट'चं उदाहरण वाचून मी आज तिला तोंडी गणितं घातली. 'हाऊ मेनी मोअर' म्हटलं की ती सरळ बेरीज करते. बघतो आता.

फळा_आणि_खडू
बटाटेवडा, तिला तेच गणित मराठीत घाला. "याच्यापेक्षा त्याच्याकडे किती जास्त?" तिथे बरोबर आलं तर अडचण भाषेची आहे. कळवा मला.

बटाटेवडा
मराठीत बरोबर आलं.

फळा_आणि_खडू
मग तिच्या बाईंना भेटा आणि घरी मराठी बोलतो हे सांगा. फॉर्म चुकला असला तरी शिक्षक किंवा पालक नंतरही चाचणी मागू शकतात. उशीर झालेला नाही.

सांजवेळ
(नोव्हेंबर) धागा वर काढते. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

चाचणीत लेक अगदी पहिल्या पातळीवर आली. ईएसएलच्या बाई वर्गातच येतात, दिवसातून चाळीस मिनिटं. सप्टेंबरभर ती शाळेत बोलली नाही. मी रोज रात्री रडायचे आणि इथे येऊन रानवारा यांचे मासे वाचायचे. बाईंनी मला बोलावून घरातल्या वस्तूंचे मराठी शब्द मागितले. मी पाटीपेन्सिल सरांसारखे तक्ते करून दिले, देवनागरी आणि खाली रोमन उच्चार. आता वर्गाच्या दारावर 'दार' लिहिलंय, त्याच्याबरोबर स्पॅनिश आणि युक्रेनियन.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती पहिलं वाक्य बोलली. वर्गात युक्रेनहून एक मुलगी नवीन आली होती, तीही गप्प. आमची तिच्याजवळ गेली, खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाली, "धिस इज खिडकी. टीचर से विंडो."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घरी पाठवलंय. फ्रिजवर लावलंय.

रानवारा
टीचर से विंडो!! आज आईबाबांना जेवताना वाचून दाखवतो. मराठीत.

पाटीपेन्सिल
तक्त्यांचे फोटो टाकायचे राहून गेले होते, आज नेट आहे म्हणून खाली जोडतोय. कोपऱ्यातला वेडावाकडा बैल तिसरीतल्या पोराने काढलाय, त्याला सांगितलंय की तो अमेरिकेला जाणार आहे.